शिक्षेचा तळ कोण ठरवतो? बंदुकीचे गुन्हे आणि किमान कारावास : एक प्रस्तावना

२१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील अपिलांवर निकाल दिला. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने अभिनेते संजय दत्त यांना दिलेली सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आली. पुढे कित्येक दिवस चर्चा रंगली ती नटाची, त्याच्या अर्धवट राहिलेल्या चित्रपटांची आणि राज्यपालांनी माफी द्यावी की नाही याची. त्या गलबल्यात एक साधा प्रश्न मागे पडला. न्यायालय सहावरून खाली आलेच होते, तर पाचवरच का थांबले? चार का नाही, तीन का नाही?

उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २५ (१अ) मध्ये होते. गुन्हा घडला तेव्हाच्या तरतुदीनुसार प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगणाऱ्याला कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा वर्षे कारावास होता. प्रकरणात एके-५६ रायफल होती, म्हणजे शस्त्र प्रतिबंधित वर्गातले. दहशतवादाच्या आरोपातून दत्त सुटले होते, पण शस्त्र बाळगल्याचा गुन्हा सिद्ध होता. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती न्यायालयाने गुन्ह्याचे गांभीर्य पाहून नाकारली. उरला कारावास, आणि त्यात पाच वर्षे हा तळ होता. न्यायालय तळापर्यंत आले आणि तिथे थांबले.

हा तळ कोणी घातला, कशासाठी घातला आणि तो खरोखर टिकतो का, या तीन प्रश्नांभोवती एक मोठे अभ्यासक्षेत्र उभे आहे. कायद्याचे विद्यार्थी, गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार, सत्र न्यायालयात उभे राहणारे तरुण वकील आणि शिक्षा या विषयाचे कुतूहल असणारा कोणताही वाचक, या सर्वांचे इथे स्वागत आहे. आत शिरायला फार मोठी पूर्वतयारी लागत नाही. कलम सावकाश वाचण्याची सवय आणि निकालपत्राची शेवटची पाने न वगळण्याची शिस्त, एवढे पुरे.

प्रथम मांडणी समजून घेऊ. फौजदारी कायदा बहुधा शिक्षेचे फक्त छत सांगतो. ‘तीन वर्षांपर्यंत’, ‘सात वर्षांपर्यंत’ असे शब्द असतात आणि त्याखालची सारी जागा न्यायाधीशाची असते. आरोपीचे वय, पूर्वेतिहास, गुन्ह्यातला वाटा, पश्चात्ताप हे सगळे तोलून तो आकडा ठरवतो. किमान शिक्षेची तरतूद या जागेला खालून फरशी घालते. बंदुकीच्या संदर्भात अशा तरतुदी तीन प्रकारच्या आढळतात. पहिल्या प्रकारात शस्त्र बेकायदा जवळ असणे हाच गुन्हा असतो आणि त्याला किमान शिक्षा असते. दुसऱ्या प्रकारात दरोडा किंवा जबरी चोरी यांसारख्या मूळ गुन्ह्यात शस्त्र वापरले की त्या गुन्ह्याची शिक्षा ठरावीक वर्षांखाली येऊ शकत नाही. तिसरा प्रकार सर्वांत कडक. त्यात मूळ गुन्ह्याची शिक्षा वेगळी, बंदुकीची वेगळी, आणि दुसरी पहिली संपल्यावरच सुरू होते. आपल्याकडे पहिले दोन प्रकार आहेत. तिसऱ्याचे माहेर अमेरिका.

या तरतुदींमागचा युक्तिवाद हलका नाही, आणि नवख्या वाचकाने तो आधी पूर्ण ताकदीने समजून घ्यावा. भांडणात हाती काठी असली तर डोके फुटते, बंदूक असली तर माणूस मरतो. गुन्हेगाराने घरातून निघताना बंदूक बरोबर घ्यावी की नाही, या निर्णयावर कायद्याला परिणाम घडवायचा असतो. दुसरा मुद्दा समानतेचा. एकाच गुन्ह्याला एका न्यायालयात सहा महिने आणि शेजारच्या न्यायालयात पाच वर्षे मिळाली, तर लोकांचा न्यायावरचा विश्वास डळमळतो. तिसरा मुद्दा लोकप्रतिनिधींचा. समाज एखाद्या कृत्याकडे किती गंभीरपणे पाहतो हे सांगण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहालाही आहे. किमान शिक्षेवर टीका करणाऱ्याने या तिन्ही मुद्द्यांना उत्तर द्यायला हवे.

भारतात ही कल्पना जुनी आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ३९७ होते. जबरी चोरी किंवा दरोडा घालताना प्राणघातक हत्यार वापरले, तर शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असणार नाही. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३११ मध्ये आहे. आता प्रश्न असा, की चाकू नुसता दाखवला, भोसकला नाही, तर तो ‘वापरला’ का? १९७५ च्या फूल कुमार खटल्यात पेट्रोल पंपावरच्या लुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते. आरोपीच्या हातात चाकू उघडपणे दिसत होता. समोरच्याला धाक बसावा अशा रीतीने हत्यार दिसत असेल तर तेवढे पुरे, असे न्यायालयाने ठरवले. पण त्याच निकालाने दुसरी बाजूही सांभाळली. सात वर्षांचा तळ हत्यार वापरणाऱ्यापुरताच आहे, बरोबरच्या निःशस्त्र साथीदाराला तो आपोआप लागू होत नाही. म्हणजे टोळीतल्या प्रत्येकाच्या हातात नेमके काय होते हे साक्षीदाराने सांगितल्यावाचून तळ लागत नाही.

शस्त्र अधिनियमाची कथा वेगळी. १८७८ चा वसाहतकालीन कायदा नेटिवांना निःशस्त्र ठेवण्यासाठी होता. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या अधिनियमाने घेतली, आणि मूळ रूपात तो बराच सौम्य होता. किमान शिक्षा त्यात शिरल्या त्या १९८० च्या दशकात, पंजाब पेटलेला असताना. १९८७ च्या टाडा कायद्याने अधिसूचित क्षेत्रात ठरावीक शस्त्रे बेकायदा बाळगण्याला पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. १९८८ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमातच प्रतिबंधित शस्त्रांसाठी पाच वर्षांचा तळ आणला. २०१९ च्या दुरुस्तीने तो सात वर्षांवर नेला, आणि छत दहावरून चौदावर. तारखा ओळीने मांडल्या की एक गोष्ट ध्यानात येते. तळ वाढतो तो एखाद्या संकटाच्या काळात, आणि संकट ओसरल्यावर खाली येत नाही. टाडा १९९५ मध्ये संपला. १९८८ ची दुरुस्ती राहिली.

आता तळ लागू होण्याआधी काय काय घडावे लागते ते जवळून पाहू. वर्तमानपत्रात बातमी येते : ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त.’ या एका ओळीमागे कागदांची साखळी असते. दोन पंचांसमोर झडती, पंचनामा, कट्टा कापडात गुंडाळून लाखेचे सील, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. मग मुद्देमाल पोलीस ठाण्यात जमा. तिथून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. सील शाबूत होते का, घोडा काम करतो का, त्या नळीतून गोळी सुटते का, हे बॅलिस्टिक तज्ज्ञ सांगतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ खालचा विनापरवाना बाळगण्याचा खटला असेल, तर कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पंच उलटला, सील तुटलेले निघाले, अहवाल वेळेत आला नाही किंवा मंजुरीच्या कागदावर शस्त्र न पाहताच सही झाल्याचे उलटतपासणीत निघाले, तर तळाचा प्रश्नच येत नाही. आरोपी सुटतो.

या क्षेत्राचे मध्यवर्ती सूत्र इथेच हाती लागते. किमान शिक्षेने विवेकाधिकार नाहीसा होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. न्यायाधीशाच्या हातून निसटलेला निर्णय कलम लावणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याकडे, दोषारोप निवडणाऱ्या सरकारी वकिलाकडे, कधी तुरुंग प्रशासनाकडे जातो. संजय दत्त यांची पाच वर्षे न्यायालयाला कमी करता येत नव्हती, पण चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून ते फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून बाहेर पडले. फरक एवढाच, की न्यायाधीशाला आपल्या निर्णयाची कारणे लिहावी लागतात आणि ती वरच्या न्यायालयात तपासली जातात. बाकीच्यांचे निर्णय बहुतेक वेळा फाइलीत राहतात.

तळ घालणाऱ्या विधिमंडळाला मर्यादा आहे का, हा पुढचा प्रश्न. १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने दंड संहितेचे कलम ३०३ रद्द केले. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशी आणि फाशीच, असे ते कलम सांगत होते. न्यायाधीशाला परिस्थिती पाहूच न देणारी शिक्षा अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये बसत नाही, हा त्या निकालाचा गाभा. बंदुकीच्या कायद्यात त्याचा पडसाद उमटला तो २०१२ मध्ये. शस्त्र अधिनियमाच्या कलम २७ (३) नुसार प्रतिबंधित शस्त्राच्या बेकायदा वापराने कोणाचा मृत्यू झाला तर मृत्युदंड अनिवार्य होता. हेतू होता की नाही याला त्या कलमात जागाच नव्हती. पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. मात्र अनिवार्य मृत्युदंड गेला म्हणून किमान कारावास गेला, असे नाही. वर्षांतला तळ आपल्याकडे अबाधित आहे, आणि विक्रम दास खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनुच्छेद १४२ चा विशेष अधिकार वापरूनही त्याखाली जाता येणार नाही.

या विषयाचे सर्वांत मोठे भांडार अमेरिकेत आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांच्या वर्षी, १९६८ मध्ये, तिथे बंदूक नियंत्रण कायदा झाला. त्यातले कलम ९२४ (सी) सुरुवातीला एक ते दहा वर्षे एवढेच सांगत होते. १९८४ मध्ये पाच वर्षे बंधनकारक झाली. पुढे पायऱ्या चढत गेल्या : हिंसक किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदूक असेल तर पाच, उगारली तर सात, झाडली तर दहा, मशीनगन असेल तर तीस. आणि ही सारी वर्षे मूळ शिक्षेच्या वर.

या पायऱ्या कशा काम करतात हे २००९ च्या डीन खटल्यात दिसते. बँक लुटणारा एका हाताने नोटा गोळा करत होता आणि दुसऱ्या हातातली बंदूक चुकून उडाली. कोणाला लागली नाही. गोळी झाडण्याचा हेतू नव्हता, हा बचाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारला आणि दहा वर्षे कायम राहिली. आपल्याकडे दलबीर सिंग निकालात हेतूविना घडलेल्या मृत्यूचीच चिंता केंद्रस्थानी होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक वाद तिथे सापडतो. अर्थात एकीकडे फाशी आणि दुसरीकडे वर्षे, हा भेद विसरून चालणार नाही.

त्याहून प्रसिद्ध प्रकरण वेल्डन अँजेलोस यांचे. युटा राज्यातल्या या चोविशीच्या तरुणाने पोलिसांच्या खबऱ्याला तीनदा गांजा विकला. बंदूक जवळ असल्याचे पुढे आले. ती कोणावर रोखलेली नव्हती. बंदुकीच्या पहिल्या आरोपाची पाच वर्षे, पुढच्या दोन आरोपांची प्रत्येकी पंचवीस, मिळून पंचावन्न. २००४ मध्ये न्यायाधीश पॉल कॅसल यांनी ही शिक्षा सुनावली आणि त्याच निकालपत्रात ती अन्यायकारक असल्याचे लिहिले. विमान अपहरण करणाऱ्यालाही याहून कमी शिक्षा होते, असा हिशेब त्यांनी मांडला आणि राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा कमी करावी अशी शिफारस केली. अँजेलोस २०१६ मध्ये सुटले आणि २०२० मध्ये त्यांना माफी मिळाली. २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टने एकाच खटल्यात पंचविशीवर पंचविशी रचण्याची पद्धत थांबवली. आधीचा गुन्हा अंतिमतः सिद्ध झालेला असेल तरच आता ती वाढ लागते.

इथे सरकारी वकिलाचा अधिकार उघडा पडतो. अँजेलोस यांना आधी तडजोडीचा प्रस्ताव देण्यात आला होता. तो नाकारल्यावर आरोप वाढले. पंचावन्नचा आकडा विधिमंडळाने ठरवला असे कागदावर दिसते, पण किती आरोप लावायचे हे ठरले सरकारी वकिलाच्या कचेरीत. अशा शिक्षांचा भार सर्व समाजांवर सारखा पडत नाही, हे अमेरिकेच्या शिक्षा आयोगानेही आपल्या अहवालांत मांडले आहे. समानतेसाठी घातलेला तळ नव्या असमानतेला वाट देतो का, हा म्हणूनच इथला एक जिवंत वाद आहे.

पण या कायद्यांनी गुन्हे कमी होतात का? या प्रश्नावर मते पुष्कळ ऐकू येतात. पुराव्याकडे वळताना थोडा धीर लागतो. १९७५ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये बार्टली-फॉक्स कायदा लागू झाला : विनापरवाना बंदूक बरोबर बाळगली तर एक वर्ष, सुटका नाही. ग्लेन पिअर्स आणि विल्यम बाउअर्स या संशोधकांना बंदुकीने होणारे हल्ले घटलेले दिसले, पण इतर हत्यारांनी होणारे हल्ले वाढलेले दिसले. शिवाय घट कायद्याच्या गाजावाजाबरोबरच सुरू झाली होती, पहिली शिक्षा होण्याआधी. दोन वर्षांनी मिशिगनने बंदुकीसह गुन्ह्याला दोन वर्षांची जादा शिक्षा आणली आणि मोठमोठ्या फलकांवरून तिची जाहिरात केली. कॉलिन लॉफ्टिन आणि सहकाऱ्यांनी डेट्रॉइटच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले, की अनेक खटल्यांत न्यायाधीश मूळ शिक्षा तेवढ्या प्रमाणात कमी करत होते. दोन वर्षे वरून जोडली जात आणि खालून वजा होत. गुन्ह्यांतली घट कायद्यामुळे झाली असे त्यांना म्हणता आले नाही. पण त्याच लॉफ्टिन यांनी १९९२ मध्ये सहा शहरांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा बंदुकीने होणारे खून कमी झाल्याचे त्यांना दिसले. पुढच्या संशोधकांना व्यापक आकडेवारीत तसा परिणाम फारसा सापडला नाही.

या निष्कर्षांतून दोन धडे घ्यावेत. एक, कठोरपणापेक्षा पकडले जाण्याची खात्री अधिक परिणाम करते, हे इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये मांडलेले सूत्र अजूनही बहुतेक अभ्यासांना धरून आहे. दुसरा धडा पद्धतीचा. कायदा लागू झाला आणि गुन्हे घटले, एवढ्यावर थांबू नये. घट आधीच सुरू होती का, शेजारच्या राज्यात काय झाले, हत्यार बदलले का, आणि तुरुंगातला प्रत्यक्ष काळ वाढला का, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तळ आणि विवेक यांच्यात मधला मार्ग शोधणारे देशही आहेत. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने काही प्रतिबंधित बंदुका बाळगण्याला प्रौढांसाठी पाच वर्षांचा तळ घातला, पण ‘अपवादात्मक परिस्थिती’चे दार उघडे ठेवले. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये किमान शिक्षा आणल्या त्या ‘भरीव आणि सबळ कारणे’ नसतील तरच. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या नूर खटल्यात वेगळीच कसोटी लावली. समोरचा आरोपी कसाही असो, या कलमाच्या जाळ्यात दुसरा कोण सापडू शकतो? परवाना असलेला, बंदूक नीट कुलपात ठेवणारा, पण परवान्यात नसलेल्या जागी ठेवणारा माणूसही तीन वर्षे आत जाईल, हे पाहून न्यायालयाने तो तळ रद्द केला. मात्र २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बंदुकीने केलेल्या लुटीसाठीचा किमान कारावास कायम ठेवला. बाळगणे आणि लुटणे यांत कॅनडाने रेघ ओढली.

असे दार आपल्या कायद्यातही आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ (१ब) ला जोडलेले परंतुक सांगते, की पुरेशी आणि विशेष कारणे निकालपत्रात नोंदवून न्यायालय किमानपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. गावठी कट्ट्याची बरीचशी प्रकरणे या उपकलमाखाली येतात. शेजारच्या (१अ) ला मात्र २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत असे परंतुक नव्हते. तोवर एकाच कलमात एक खोली दार असलेली आणि दुसरी बिनदाराची होती. या दाराचा उपयोग कोण करते, कोणासाठी करते आणि कोणती कारणे लिहून करते?

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मराठी अभ्यासकासाठी सर्वांत फलदायी काम इथेच आहे, असे मला वाटते. जिल्हा आणि सत्र न्यायालयांचे निकाल आता ई-कोर्टच्या संकेतस्थळावर वाचता येतात, आणि महाराष्ट्रात त्यांतले कित्येक मराठीत असतात. सुरुवात एका जिल्ह्यापासून करावी. शस्त्र अधिनियमाखालचे निकाल काढून प्रत्येकात चार गोष्टी टिपाव्यात : शस्त्र कोणते होते आणि कलम कोणते लागले, खटला कोणत्या कडीवर तुटला, शिक्षा झाली तर किती झाली, आणि आरोपीने कच्च्या कैदेत आधीच किती काळ काढला होता. शेवटचे वगळू नये. खटला लांबला आणि जामीन मिळाला नाही, तर कायद्याने घातलेला तळ निकालाआधीच तुरुंगात मोजून झालेला असतो, आणि निर्दोष सुटलेल्याच्या वाट्यालाही तो येऊ शकतो.

परदेशी निकाल आणि संशोधने त्यानंतर वाचावीत, म्हणजे आपले प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जाता येते. विधिमंडळात पुढच्या वेळी किमान शिक्षा वाढवण्याचे विधेयक येईल तेव्हा चर्चा पुन्हा ‘कडक हवी की सौम्य’ अशीच रंगेल. त्या वेळी मागच्या वाढीनंतर किती खटले सिद्ध झाले आणि किती पंचनाम्यावरच कोसळले, हे कोणाला तरी आकड्यांनिशी सांगता आले पाहिजे. पंचनामा भक्कम नसेल, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत येत नसेल, तर पाचाचे सात केल्याने फक्त पुस्तकातला आकडा बदलतो. शिक्षा वाढवा म्हणणाऱ्यालाही आणि कमी करा म्हणणाऱ्यालाही हा हिशेब लागणार आहे, आणि तो मांडण्यासाठी दोघांपैकी कोणाचीही बाजू आधीच घ्यावी लागत नाही.